तीन बाटल्या, एकच दिवस

'अविद्राव्य' हा शब्द कुठे छापलेला दिसला की माझं डोकं फिरतं. शाळेच्या पुस्तकात वाळू अविद्राव्य, खडू अविद्राव्य असं शिकवून मोकळे होतात. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात, आणि त्यातली काही पुढे माझ्यासारखी प्रयोगशाळेत नोकरीला लागून तोच शब्द फॉर्मवर लिहितात आणि खाली सही करतात. पाण्यात अजिबात न जाणारी वस्तू मी आजवर पाहिलेली नाही. काही भराभर जातात, काही रडतखडत जातात, काही इतक्या थोड्या जातात की मोजायला महागडं यंत्र लागतं. पण जातात. हे मला कॉलेजात कळायच्या आधीपासून माहीत होतं. तरीही मी एका पदार्थापुढे तो शब्द लिहायला लावला. त्यामुळे राग बिचाऱ्या शब्दावरचा नाही, हे मलाही कळतं.

आमचं घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आई ओहोटीला चिखलात उतरून खुबे, तिसऱ्या असले खायचे शिंपले वेचते. तिच्याबरोबर आणखी सात-आठ बायका असतात. गुडघाभर चिखल, कमरेला टोपली, हातात विळा. निम्मा माल अलिबागच्या बाजारात जातो, निम्मा नागावच्या घरगुती खानावळी चालवणाऱ्यांकडे. शनिवार-रविवारी पर्यटक तिसऱ्यांचं सुकं मागतात आणि बोटं चाटतात. त्या कुठून येतात हे एकानंही कधी विचारलेलं मी ऐकलं नाही.

आई मासळी खारवते तीही तिच्या पद्धतीनं. मोठ्या बरणीत पाणी घेते आणि मिठागरातलं जाडं मीठ त्यात ढवळत राहते. खाली मीठ उरायला लागलं की कुणीही म्हणेल, झालं, आता यात मीठ मावत नाही. आई तसं म्हणत नाही. ती वर फडकं बांधून बरणी ठेवून देते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर तळाचं मीठ कमी झालेलं असतं. ती आणखी एक मूठ टाकते. तिसऱ्या दिवशी पुन्हा बघते. तळाचं मीठ कालच्याइतकंच उरलं असेल तर मासळी आत जाते, नाहीतर चौथी सकाळ. लहानपणी मी तिच्यामागे भुणभुण लावायचे, "आये, झालं की! खाली मीठ दिसतंय!"

"आज दिसतंय. उद्या बघू," ती म्हणायची. "पानी सावकास खातं. तुझ्यासारखं हावरं न्हाय ते."

मावशीच्या घरी लग्न होतं तेव्हासुद्धा तिनं तिसरी सकाळ सोडली नाही. मावशी वैतागली, काका चिडले, मासळी बर्फात ठेवावी लागली. आई ढिम्म हलली नाही.

प्रयोगशाळेत हीच गोष्ट जरा जास्त भांडी घासून करतात. पदार्थ मुद्दाम जास्त घ्यायचा, म्हणजे तळाशी उरलाच पाहिजे. शुद्ध पाण्यात टाकून बुचाच्या तीन बाटल्या बंद करायच्या आणि ठरलेल्या तापमानाला यंत्रावर हलवत ठेवायच्या. पहिली बाटली एका दिवसानं काढायची, दुसरी दोन दिवसांनी, तिसरी तीन दिवसांनी. न विरघळलेला गाळ वेगळा करायचा आणि वरच्या नितळ पाण्यात किती उतरलंय ते मोजायचं. दुसरा आणि तिसरा आकडा जुळला तर पाण्याचं पोट भरलं. आकडा चढताच असेल तर आणखी थांबायचं. पुस्तकात ही पद्धत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या परसातली बरणीच होती ती, फक्त इंग्रजीत.

खाडीपलीकडच्या वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मला नोकरी लागली. पहिलं वर्ष प्रोबेशनचं. मी तेव्हा कंपनीजवळच तिघी मुलींबरोबर खोली घेऊन राहायचे. होळीच्या आदल्या दिवशी सरांनी, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुखांनी, एक पिवळट पूड माझ्या हातात दिली. कंपनीचाच नवा माल होता. परदेशातल्या गिऱ्हाईकाला तो पाण्यात किती विरघळतो याचा कागद हवा होता, आणि सण झाला की लगेच हवा होता.

ती पूड मोठी हट्टी. पाण्यावर टाकली की सायीसारखी वर तरंगत राहायची, ओलीच व्हायची नाही. मी तीन बाटल्या भरल्या आणि यंत्रावर चढवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली काढली, मोजली. जेमतेम काहीतरी उतरलं होतं.

आता उरल्या दोन बाटल्या, आणि संध्याकाळी होळी. कोळीवाड्यात होळी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. दिवाळीला घरी आला नाहीत तर लोक समजून घेतात, शिमग्याला आला नाहीत तर मेलात का विचारतात. सगळ्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, हावलूबाईची, म्हणजे होळीमातेची, गाणी दुपारपासून सुरू होतात. कंपनीला सुट्टी म्हणून वॉचमन लॅबची विजेची मेन लाइन बंद करणार होता. ती चालू ठेवायची तर सरांची एक सही लागली असती आणि पुढचे दोन दिवस बाटल्या काढायला कुणीतरी थांबावं लागलं असतं. ते कुणीतरी मीच होते. मी सही मागितली नाही. यंत्राचं बटण मी स्वतःच्या हातानं बंद केलं आणि एसटी पकडली.

परत आले तेव्हा दोन्ही बाटल्या यंत्रावर गार होऊन गप उभ्या होत्या. पूड वर तरंगत होती. मी त्या सिंकमध्ये ओतल्या. वहीत दुसऱ्या दिवसाचा आकडा पहिल्यापेक्षा केसभर वर लिहिला, तिसऱ्या दिवसाचा केसभर खाली. नव्यानं सगळं करायला चार दिवस लागले असते आणि सुट्टीत का गेलीस हे सांगावं लागलं असतं. प्रोबेशनवरची पोरगी होते मी. घाबरले, आणि खोटं लिहिलं. याला दुसरं नाव नाही.

सरांनी पान पाहिलं. "वा! तिन्ही कसे मस्त जुळलेत!" म्हणाले आणि माझी वही नमुना म्हणून बाकीच्यांना दाखवली. ज्या माणसाचे केस या कामात पांढरे झाले, त्याला खरे आकडे इतके गोडीगुलाबीनं राहत नाहीत हे कळलं नसेल? सुट्टीच्या दिवशी मेन लाइन कुणी चालू ठेवली, एवढा एक प्रश्न त्यांना पडला नसेल? त्यांना सगळं कळलं होतं. कागद वेळेत हवा होता, तो मिळाला. माझी चूक त्यांना सोयीची होती, म्हणून त्यांनी तिला शाबासकी दिली. त्या शाबासकीची चीड मला आज जास्त येते. तेव्हा मात्र मी खूश झाले होते.

मग त्या आकड्यावरून मालाच्या माहितीपत्रकात ओळ आली: पाण्यात अविद्राव्य. आणि तिच्या खाली दुसरी ओळ: अविद्राव्य असल्याने जलचरांवरील चाचणी लागू नाही. माझ्या एका दिवसानं मासे, खुबे, खेकडे असे सगळे प्रश्न एका फटक्यात निकाली काढले. पुढे कुणाला काही मोजायची गरजच उरली नाही.

त्यावर नऊ वर्षं गेली. मी पर्मनंट झाले, सीनियर झाले. नव्या मुलांच्या वह्या तपासताना "हा आकडा कुठून आणलास?" म्हणून आवाज चढवायला लागले. लॅबमध्ये माझा दरारा होता म्हणे. खाडीवर पूल झाला, तेव्हापासून मी घरूनच स्कूटीवर ये-जा करायला लागले.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर त्याच पुलाच्या तोंडाशी आमच्या कंपनीच्या मालाचा टेम्पो कलंडला. पोती फुटली आणि पिवळट पूड उतारावरून खाली ओहोटीच्या चिखलात गेली. मी कामावरून येताना गर्दी पाहून थांबले. पाण्याच्या कडेला ती सायीसारखी तरंगत होती. पोत्यावरचं नाव वाचायची मला गरज पडली नाही.

दोन दिवसांनी दुपारी कंपनीचे सेफ्टी ऑफिसर गावच्या समाजमंदिरात आले. बायका पुढे बसल्या होत्या, कारण चिखलात त्याच उतरतात. मी मागे दाराशी उभी, गळ्यातलं कंपनीचं कार्ड पर्समध्ये कोंबलेलं. साहेब चांगले बोलत होते, उगाच मोठ्या आवाजात नाही. "घाबरण्यासारखं काहीच नाही," ते म्हणाले. "पोती उचलली, वरचा थर खरवडून नेला. जे थोडंफार राहिलं असेल ते पाण्यात विरघळतच नाही. हे बघा, शीटवर छापलंय. चिखलात गप पडून राहणार ते."

आई उठली. पदर सावरून म्हणाली, "सायेब, पान्यान किती दिस ठेवून बघितलं?"

मागे दोन-तीन पोरं हसली. साहेब नाही हसले. त्यांनी फाइल उघडली, पान उलटलं. "बरोबर विचारलंत मावशी. तीन दिवस. तीन वेगवेगळ्या बाटल्यांत, रोज मोजून. तिन्ही आकडे सारखे आलेत."

"तीन दिस?" आईनं मान हलवली. "मग ठीक हाय." आणि ती खाली बसली.

मला तिथंच ओरडावंसं वाटलं. सभेत बसलेल्या शंभरेक माणसांत योग्य प्रश्न विचारणारी एकटी माझी आई होती, आणि तिला उत्तर म्हणून माझंच खोटं वाचून दाखवलं गेलं होतं. साहेबही खोटं बोलत नव्हते. कागदावर होतं तेच त्यांनी सांगितलं. मी तोंड उघडलं नाही. तिथून निघताना शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "तुझी पोर थंयच कामाला हाय ना? ती काय म्हनते?"

"काय बोलली न्हाय," आई म्हणाली. "कायतरी असतं तर बोलली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला सगळ्या बायका चिखलात उतरल्या.

त्याच दिवशी मी लॅबमध्ये गोदामातून ती पूड काढून आणली आणि बाटल्या भरल्या. या वेळी तीन नाही, सात भरल्या. रविवारी लाइन चालू ठेवायला सरांची सही हवी होती. "कसली ट्रायल?" विचारत त्यांनी न बघताच सही केली. अर्धं मिनिट लागलं. होळीच्या त्या दिवशीही अर्धं मिनिटच लागलं असतं.

पहिल्या दिवशी तोच आकडा आला, माझा जुना ओळखीचा. दुसऱ्या दिवशी तो बराच वर गेला. तिसऱ्या दिवशी आणखी वर. पूड ओली व्हायलाच दोन दिवस घेत होती आणि मग कुठे जेवायला बसत होती. चौथा, पाचवा दिवस चढताच. सहाव्या आणि सातव्याला आकडा जुळला. पाण्याचं पोट भरलं होतं, आणि पहिल्या दिवसाच्या कितीतरी पट भरलं होतं.

आता मला विचारा, हे सात दिवस आई काय करत होती? रोज ओहोटीची वेळ बघून चिखलात उतरत होती. आणि मी काय करत होते? पुरावा गोळा करत होते. हातात पक्का आकडा नसताना कसं सांगायचं, उगाच गावात घबराट कशाला, असं मी स्वतःला शिकलेल्या भाषेत समजावत होते. खरं म्हणजे माझी हिंमत नव्हती. एकदा म्हणून पाहिलं, "आये, चार दिवस नको जाऊस. पाय दुखतात ना तुझे."

"पाय चिखलानच बरं असतात माझं," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

पाचव्या दिवशी तिनं तिसऱ्यांचं कालवण केलं. मी खाल्लं. खाल्लं नसतं तर कारण सांगावं लागलं असतं. ती पूड तिसऱ्यांच्या पोटात जाते का, माणसाला काय करते, हे मला त्या घासाला ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. ज्या चाचण्या ते सांगू शकल्या असत्या त्या 'लागू नाहीत' असं माझ्याच जिवावर छापलं गेलं होतं. खाल्लं, ताट धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी सहावी बाटली मोजायला गेले.

सातव्या दिवशी दुपारी सगळे आकडे घेऊन सरांच्या केबिनमध्ये शिरले. जुनी वही शेजारी ठेवली आणि काय केलं होतं ते सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला. "इतक्या जुन्या फाइलला आता हात कशाला लावायचा?" म्हणाले. मी म्हटलं, खाडीत माल पडलाय सर, बायका त्यात उतरतायत. तर ते शांतपणे म्हणाले, "सही तुझी आहे. माझी फक्त 'पाहिलं' म्हणून आहे. नीट विचार कर." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. एकच कप मागवला.

त्या कपाचा मला इतका संताप आला की माझी भीतीच गेली. बाहेर येऊन मी कागद घेतला आणि लिहिलं: मूळ चाचणीत मी एकच दिवस मोजला, बाकीचे दोन आकडे मनाचे आहेत, नवे आकडे सोबत जोडले आहेत, माहितीपत्रकातली ओळ चुकीची आहे. एक प्रत कंपनीच्या मोठ्या साहेबांना दिली, एक प्रदूषणाचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला पाठवली, आणि आवक खात्यातून शिक्का मारून घेतला.

त्याचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. मला घरी बसवलं. चौकशी चालू आहे. सर अजून त्याच केबिनमध्ये आहेत. माहितीपत्रकातून तो शब्द गेला, त्या जागी 'तपासणी सुरू' असं आलं आहे, आणि सरकारी माणसांनी खाडीतला चिखल बरण्यांत भरून नेला, त्याचा अहवाल अजून आलेला नाही. लोक म्हणतात, धाडस केलंस. हा शब्दही मला आता सहन होत नाही. नऊ वर्षं आणि सात दिवसांनी केलेल्या गोष्टीला धाडस म्हणत नाहीत.

ते पत्र दिलं त्याच संध्याकाळी घरी आले तेव्हा आई परसात बसली होती. समोर घमेल्यात त्या दिवशीचे खुबे पाण्यात घातलेले, वाळू सोडायला. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. पूड, होळी, बटण, वही, समाजमंदिर. ती खुब्यांतून हात फिरवत राहिली, मग हात बाहेर काढून लुगड्याला पुसला.

"म्हंजे तीन दिस न्हाय ठेवलं."

"नाही."

"किती दिस थांबलीस?"

"एक."

"आन् मना सांगायला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. उत्तर घेतल्याशिवाय ती सोडणार नव्हती, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"सात," मी म्हटलं.

तिनं घमेलं उचललं, खुबे पोत्यात ओतले आणि पोत्याचं तोंड सुतळीनं करकचून बांधलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पदर खोचून ती निघाली तेव्हा मला वाटलं, बाकीच्या बायकांना सांगायला चालली असेल. मी म्हटलं, "तू सांग त्यांना, आये. मी इथंच थांबते."

ती दारातून वळली. "मी कशाला सांगू? मना काय ठाव? ऊठ. तुझ्या तोंडानं सांग. घरोघर."

मी उठले आणि तिच्या मागून चालायला लागले. पहिलं घर शेजारच्या काकूंचं. दार उघडंच होतं, चुलीवर तिसऱ्यांचं कालवण उकळत होतं आणि त्यांची दोन नातवंडं ताटं घेऊन बसली होती. काकूंनी मला बघितलं आणि पाट सरकवला.

"ये बाय," त्या म्हणाल्या. "बरी येलेला आलीस. जेवूनच जा."